आधी ब्रेक, मग इंजिन

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलोय. मधे दोन-तीन विषय डोक्यात येऊन गेले, एक-दोन अर्धवट लिहिलेही, पण तसेच पडून राहिले. आजचा विषय मात्र अर्धवट ठेवून चालणार नाही, कारण त्याला मुदत आहे. येत्या शनिवारी आमच्या पुतण्याने एका वर्कशॉपची वेळ घेतली आहे.

झालंय असं. दादाकडे चार वर्षांपूर्वी घेतलेली एक टर्बो-पेट्रोल हॅचबॅक आहे. अगदी साधी, घरगुती. तिच्यातून वहिनी मंडईत जाते, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात, आणि वर्षातून दोनदा सगळे मिळून चिपळूणला जातात. पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. (नाव लिहीत नाही, आधीच चिडलेला आहे.) त्याला या गाडीचं ‘स्टेज वन’ करायचंय. म्हणजे ईसीयू रीमॅप, मोकळा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर आणि गाडी दीड इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. वर्कशॉपवाल्याने त्याला पंचवीस हॉर्सपॉवर वाढतील असं सांगितलंय. दादाचं उत्तर एका ओळीचं होतं, “कंपनीला अक्कल नव्हती का?” यावरून घरच्या ग्रुपवर तीन दिवस युद्ध चाललं. चौथ्या दिवशी दोघांचेही मला फोन. एक म्हणतो, “काका, तुम्हीच बाबांना समजवा.” दुसरा म्हणतो, “तू सांग रे त्याला, तुझं ऐकतो तो.”

आमच्या घरात मला गाडीतलं कळतं असा एक जुना गैरसमज आहे. तर दोघांनाही वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. आधीच सांगतो, माझ्या मते दोघांचंही चुकतंय, आणि लेख संपेपर्यंत दोघंही माझ्यावर रागावणार आहेत. तिसरा चुकलेला माणूस मी. त्याचीही पाळी येईल.

आधी दादा

कंपनीला अक्कल असते, दादा. भरपूर असते. पण ती अक्कल फक्त तुझ्या गाडीसाठी खर्च झालेली नसते. किंमत, मायलेज, सरकारी नियम आणि शेजारच्या शोरूममधली दुसरी गाडी या सगळ्यांचा हिशेब मांडून गाडी बनते. जाहिरातीत मायलेजचा आकडा मोठा दिसावा म्हणून खालच्या व्हेरिएंटला अरुंद टायर मिळतात. त्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला रुंद टायर मिळतात. मग खालच्या व्हेरिएंटवाल्याला वळणावर कमी पकड चालते, असं कंपनीच्या इंजिनिअरला वाटत असतं का? मुळीच नाही. ते पैशाचं गणित असतं.

एबीएसचंच बघ. ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ नयेत यासाठीचं हे तंत्र किती वर्षं आपल्याकडे ‘टॉप मॉडेल’मध्येच मिळायचं! सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल 2019 मध्ये, आणि तेही सरकारने नियम केला म्हणून. त्याआधी ज्यांनी खालचं मॉडेल घेतलं त्यांच्या जिवाची किंमत कमी होती का? तेव्हा ‘कंपनीने दिलंय तेच शहाणपणाचं’ हे वाक्य मला मान्य नाही.

आणि घरगुती गाडीला हात लावून ती अधिक चांगली करणं हा काही टवाळ पोरांचा उद्योग नाही. त्याला चांगला इतिहास आहे. 1959 साली इंग्लंडात मिनी नावाची छोटी गाडी आली. सुएझच्या पेचानंतर पेट्रोल महागलं म्हणून काढलेली, चार माणसं कशीबशी मावणारी, 848 सीसीची आणि 34 हॉर्सपॉवरची गरीब गाडी. जॉन कूपर या रेसिंगवाल्या माणसाला तिच्यात काहीतरी दिसलं. त्याच्या आग्रहातून 1961 मध्ये मिनी कूपर निघाली. तिच्यातून पुढे निघालेल्या कूपर एस ने 1964, 1965 आणि 1967 साली माँटे कार्लो रॅली जिंकली, तीही मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून. इटलीत कार्लो अबार्थने फियाट 600 सारख्या संसारी गाडीला हात लावून तेच केलं. लोटस कंपनीचा जन्मच मुळी एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर झाला, 1948 मध्ये कॉलिन चॅपमनने घरगुती पातळीवर फेरफार केले त्यातून.

आपल्याकडे? आपल्या बाबांची जी पद्मिनी होती ना, कुर्ल्याच्या कारखान्यातली, तिचीच भावंडं मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत धावायची. हौशी मेकॅनिकांनी कार्ब्युरेटर बदलून, हेड घासून, वजन उतरवून तयार केलेल्या फियाट. आपण ज्या गाडीत बसून उलट्या करत कोकणात जायचो, त्याच गाडीच्या या करामती. :)

म्हणजे मुद्दा असा, की ‘हात लावू नकोस’ हे उत्तर नव्हे. कशाला, कुठल्या क्रमाने आणि कुणासाठी हात लावायचा, हा खरा प्रश्न आहे. तो तू विचारलाच नाहीस. मुलाला एका ओळीत गप्प केलंस, आणि म्हणून तो वर्कशॉपवाल्याकडे गेला. त्याने मात्र त्याचं बोलणं तासभर ऐकून घेतलं.

आता पुतण्या

तू पाठवलेल्या यादीकडे परत एकदा बघ. रीमॅप, सायलेन्सर, फिल्टर, स्प्रिंगा. या चारांपैकी गाडी थांबवणारी एक तरी गोष्ट आहे का?

मघाशी मिनी कूपरचं सांगताना मी एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली. कूपरने इंजिन 848 चं 997 सीसी केलं, ताकद 34 वरून 55 वर नेली, आणि त्याच गाडीला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले. साध्या मिनीला चारही ड्रम होते. आयुष्यभर रेसिंग केलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागलं नाही. त्याचं नाव टीशर्टवर घालून फिरणाऱ्यांना मात्र सांगावं लागतं.

तू इंजिनिअरिंगचा आहेस, तेव्हा आकड्यांत बोलू. वेग वाढला की गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे तुला अकरावीत शिकवलंय. कोरडा रस्ता, चांगले टायर, ब्रेक पूर्ण दाबलेला, अशा उत्तम परिस्थितीत 80 च्या वेगातली गाडी साधारण 31 मीटरमध्ये थांबेल. 100 ला 49 मीटर. 120 ला 71. यात तुझा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धर, म्हणजे 120 ला आणखी 33 मीटर. एकूण 104. क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की जेवढं अंतर होतं तेवढं. आणि हे कोरड्या रस्त्यावर. श्रावणात, झिजलेल्या टायरवर, डिझेल सांडलेल्या वळणावर काय होईल ते तूच काढ.

आता रीमॅपबद्दल. टर्बो इंजिनात रीमॅपने ताकद वाढते हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात जेमतेम काहीतरी मिळतं, टर्बोत भरपूर मिळतं, कारण हवेचा दाब वाढवता येतो. पण ती ताकद कंपनीने तुझ्यापासून लपवून ठेवली होती असं जे तुला सांगितलं गेलंय, ते अर्धसत्य आहे. ती राखीव होती. मे महिन्यातलं चंद्रपूर, कुठल्यातरी आडगावच्या पंपावरचं पेट्रोल, पाच माणसं आणि टपावर सामान, सर्व्हिसिंग चुकवणारा मालक, आणि या सगळ्यातून दहा-पंधरा वर्षं तरलं पाहिजे असं इंजिन. वर प्रदूषणाचे नियम. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, ते काही गंमत म्हणून आलेलं नाही. हा सगळा राखीव साठा तू शनिवारी दुपारी दोन तासांत खर्च करणार, आणि त्याची किंमत क्लच प्लेट, टर्बो आणि गिअरबॉक्स हळूहळू भरत राहणार. वॉरंटीचं तर विचारूच नकोस.

सायलेन्सरबद्दल काय बोलू? घरगुती गाडीला मोकळा सायलेन्सर लावून मिळते ती बहुतांशी आवाजाची ताकद. तुझ्या गाडीत आजी बसते. ती कानाचं यंत्र लावते. आणि रात्री साडेअकराला तू सोसायटीत शिरशील तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं पोर जागं होईल. त्याला तुझं ‘स्टेज वन’ कसं समजावणार?

स्प्रिंगांचं त्याहून वाईट. दीड इंच खाली बसलेली गाडी सरळसोट ट्रॅकवर छान दिसते. आपल्या सोसायटीच्या दारातला स्पीडब्रेकर बघितलायस ना? स्प्रिंग आखूड झाली की चाकाला वरखाली व्हायला जागा उरत नाही. गाडी भरली की शॉकअप तळाला आपटतात आणि खड्ड्याचा दणका सरळ मागच्या सीटवर. मागच्या सीटवर कोण बसतं? तू नाहीस. आजी बसते, आई बसते. घरच्या गाडीत मागच्या सीटलाही मत असतं, आणि तुझ्या यादीवर ते मत कुणी विचारलेलं नाही.

“माझे पैसे, माझी हौस” असं तू ग्रुपवर लिहिलंस. पैसे तुझे असतील, मान्य. पण रस्ता तुझा नाही, आणि गाडीही तुझी नाही. तुला खरंच वेगाची ओढ असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चेन्नईला, कोईमतूरला ट्रॅक आहेत, तिथे शिकवणाऱ्या शाळा आहेत. पैसे साठव, जा, शिकून ये. मी निम्मे देईन. पण कात्रजच्या चढावर टेम्पोला डावीकडून काढणं म्हणजे ट्रॅक नव्हे.

आता माझी पाळी

ही गोष्ट दादाला माहीत नाही. आईला माहीत आहे, कारण ती गाडीत होती. हे लिहिण्याआधी तिला विचारलं, ती म्हणाली, “लिही. आता लपवून कुणाचं भलं होणारे?”

2008 मध्ये बाबांनी निवृत्तीच्या पैशातून डिझेल हॅचबॅक घेतली. फियाटचं 1.3 लिटरचं इंजिन, तेच जे आपल्या रांजणगावातही बनायचं आणि इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसायचं की लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. 75 हॉर्सपॉवर. सगळ्यात खालचं मॉडेल, त्यामुळे एबीएस नाही, एअरबॅग नाही. दादा तेव्हा बडोद्याला होता. गाडी बाबांची, पण चालवायचो मी.

2010 च्या जूनमध्ये मी तिला एक ट्युनिंग बॉक्स बसवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा डबा. अठरा हजार रुपये. याचं काम मोठं मजेशीर असतं. या इंजिनात डिझेल 1600 बारपर्यंतच्या दाबाने इंजेक्टरला पोचतं आणि हा दाब मोजायला एक सेन्सर असतो. हा डबा त्या सेन्सरच्या मधे बसतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो. कॉम्प्युटर बिचारा खरं मानतो आणि दाब वाढवतो. म्हणजे सगळा पिकअप एका खोटं बोलण्यावर उभा. मला तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं होतं. बाबांना सांगितलं नाही. ‘गाडी हल्ली बरी पळते’ असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मी ‘सर्व्हिसिंग नीट केलंय’ असं सांगितलं. दुसरं खोटं. विमा कंपनीला कळवलं नाही, हे तिसरं.

ब्रेकला हात लावला नव्हता. अडीच वर्षांत ब्रेक ऑइलही बदललं नव्हतं. ते बदलायचं असतं हेही मला धड माहीत नव्हतं.

त्या वर्षी गणपतीला आई, बाबा, बायको, तीन वर्षांची मुलगी आणि मी चिपळूणला निघालो. उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. पाऊस नुकताच थांबला होता. घाट उतरताना मी भलत्याच खुशीत होतो. दोन वळणांमधल्या छोट्या सरळ पट्टीत गाडी अशी काही उसळायची की बस. एक एसटी मागे टाकली, दोन ट्रक मागे टाकले. वळण आलं की ब्रेक, वळण संपलं की ॲक्सिलरेटर. बाबा पुढे बसले होते. ते एकदा म्हणाले, “ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा असतो.” मी हसून “बाबा, ती पद्मिनी होती,” म्हणालो.

तेव्हा जे करायला हवं होतं ते गणित नंतर कितीतरी वेळा केलं. पाच माणसं आणि सामान धरून गाडी दीड टनाची. ती 80 वरून 30 वर आणताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यात एक लिटर पाणी उकळीला येईल. एकेका वळणाला एकेक लिटर. तेच 60 वरून 30 वर आणलं असतं तर उष्णता निम्मी. आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर रोखत उतरलो असतो तर ब्रेकला फारसं कामच उरलं नसतं. डब्याने मला दोन वळणांमधे वीस-पंचवीसचा वेग जास्तीचा दिला. तो खाली आणण्याची जबाबदारी मात्र त्याच जुन्या पॅडवर, त्याच जुन्या ऑइलवर टाकली.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं असताना डॉट 3 चं ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की 140 लाही उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते, आणि पायाखालचा ब्रेक स्पंजासारखा होतो. हे सगळं पुस्तकातलं. घाटात काय कळतं? आधी जळका वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग एका डाव्या वळणाआधी पेडल दाबलं ते दाबतच गेलं. खाली फरशीपर्यंत.

दुसरा गिअर कसा पडला, हँडब्रेक कधी ओढला, आठवत नाही. गाडी डोंगराच्या बाजूला घासत गेली आणि गटारात डावं चाक अडकून थांबली. डोंगराची बाजू डावीकडे होती म्हणून. दरी उजवीकडे होती.

कुणी ओरडलं नाही. आईच्या मांडीवर गौरीच्या मुखवट्यांचा डबा होता, तो तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मुलगी झोपेतून उठून “आलं का चिपळूण?” म्हणाली. बाबा दार उघडून उतरले, चाकापाशी वाकले, वास घेतला. मग बॉनेट उघडायला सांगितलं. दोन मिनिटं आत बघत राहिले. तो काळा डबा त्यांना दिसलाच असणार, त्याला नवीकोरी वायर होती. ते काही विचारले नाहीत. एवढंच म्हणाले, “पळते छान. थांबत नाही.”

तासाभराने ब्रेक थंड झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागलं. मागून आलेल्या ट्रकवाल्यांनी गाडी गटारातून उचलून दिली, आणि पुढचा घाट बाबांनी चालवला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसटीच्या मागे. बंपर आणि दाराचे पैसे मी खिशातून भरले. क्लेम करायचा तर चौथं खोटं बोलावं लागलं असतं. डबा चिपळूणला पोचल्यावर त्याच रात्री काढला. 2019 मध्ये बाबा गेले तोपर्यंत आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. तो डबा अजून माळ्यावर आहे.

म्हणून तुझ्या यादीत ब्रेक नाही हे वाचून मला झोप लागली नाही.

आणि कायदा

इथे मला तिसऱ्याच पार्टीशी भांडायचंय. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या 182-अ कलमात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं लिहिलंय.

फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवाल्याला दंड व्हावा याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात ते बघून मला आनंदच होतो. पण जुन्या गाडीला जास्त चांगले ब्रेक बसवायचे असतील तर सामान्य माणसाने कुणाकडे जायचं, कुठला भाग घ्यायचा, कुणाकडून तपासून घ्यायचा? याचं सरळ उत्तर त्याच्या हातात नसतं. मग जो तो गपचूप करतो, आणि गपचूप करायचंच तर दिसणारं-ऐकू येणारं तरी करू, असा हिशेब होतो.

जर्मनीत यावर वाट काढलेली आहे. तिथे बाहेरच्या कंपनीचा भाग तपासलेला असतो, त्याचा दाखला मिळतो, बसवल्यावर तपासनीस गाडी बघतो आणि गरज असेल तिथे गाडीच्या कागदांवर नोंद होते. सगळं उजेडात. आपल्याला हे अशक्य आहे असं म्हणू नका, कारण सीएनजीच्या बाबतीत आपण हेच करतो. मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटिंग, आरटीओत आरसीवर नोंद. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. गॅसची टाकी बसवायला जी पद्धत चालते ती ब्रेक, शॉकअप आणि सीटबेल्टसाठी का चालू नये? सरसकट बंदीने वाईट बदल थांबलेले नाहीत, हे कुठल्याही रविवारी संध्याकाळी एफसी रोडला उभं राहून बघा. चांगले बदल मात्र लपूनछपून होतात किंवा होतच नाहीत.

माझा क्रम

नुसती टीका करून सुटायचं नाही, म्हणून माझी यादी देतो. यातलं काहीही कायद्याच्या आड येत नाही.

1. आधी गाडी जशी बनली होती तशी करा. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, प्लग, फिल्टर, शॉकअप, बुशिंग. चार वर्षं चाललेल्या गाडीची हरवलेली अर्धी तरी ताकद इथेच सापडते.

2. ब्रेक ऑइल बदला. दर दोन वर्षांनी. बाटलीवर आणि झाकणावर लिहिलेला ग्रेड बघून. पॅड चांगल्या प्रतीचे घ्या, मागचे लायनर उघडून बघा.

3. टायर. गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकते, आणि ती प्रत्येक जागा तळहाताएवढी असते. पिकअप, ब्रेक, वळण, सगळं त्या चार तळहातांतून जातं. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला जो साईज दिलाय तो घ्या. आमच्या जुन्या गाडीला 165/80 आर 14 होते, वरच्या मॉडेलला 185/70 आर 14. गणित केलं तर चाकाच्या उंचीत एक टक्काही फरक पडत नाही, म्हणजे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. (खोटं बोलण्याचा मला आता कंटाळा आलाय.)

4. वजन. डिकीत दोन वर्षं पडलेली फरशीची पेटी, जुनी पुस्तकं, पाण्याचे कॅन काढा. फुकटातला पिकअप.

5. चालवणारा. घाटात गिअर, वळणाआधी ब्रेक, नजर लांब. याला रीमॅप म्हणायला माझी हरकत नाही.

6. हे सगळं झालं, वर्षभर गाडी चालवली, आणि तरीही ताकद कमी वाटली, तर मग इंजिनाबद्दल बोलू. आईबाबांना विचारून, कागदावर दाखवून, विमा कंपनीला कळवून. माझा अनुभव असा, की पहिल्या पाच गोष्टी केलेल्या माणसाला सहावी फारशी आठवत नाही.

‘परफॉर्मन्स’ या शब्दाचा अर्थ आपण फार स्वस्त करून ठेवलाय. गाडी सांगितल्यावर निघते, सांगितल्यावर वळते, सांगितल्यावर थांबते आणि मागे बसलेला माणूस झोपू शकतो, ही माझ्या मते चांगली कामगिरी.

तर शनिवारची वेळ रद्द करू नकोस, फक्त दुकान बदल. मी सकाळी नऊला येतो. ब्रेक ऑइल, पॅड आणि चार टायर माझ्याकडून, वाढदिवसाची भेट समज. दादा, तूही ये, मुलाबरोबर दोन तास गाडीखाली वाकून बघ. आपले बाबा आपल्याबरोबर बघायचे तसं. येताना मी माळ्यावरचा तो डबा घेऊन येईन. त्याला बघायचा असेल.

आणि गणपतीला कुंभार्ली पुतण्याच उतरवणार आहे. मी त्याच्या शेजारी बसेन, आजी मागे. आईला हे विचारलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मुखवट्यांचा डबा या वेळी डिकीत ठेवू.”